खळ्यातला नारळ

सुकाणूचा दांडा उतरवला आणि खवणेकरांच्या ओटीवरची भिंत एकाएकी म्हातारी दिसायला लागली. दांडा होता तिथे चुन्याचा पांढरा पट्टा तसाच राहिलेला, आणि बाकीची भिंत धुराने आणि तेलकट हातांनी काळवंडलेली. लवू स्टुलावर उभा होता, खाली त्याचा काका भाई दोन्ही हात वर करून. भिकाजी मात्र पडवीच्या कठड्याला टेकून बघत राहिला. घरचा कर्ता तो, लवूचा बाप तो, पण हात लावायला पुढे आला नाही.

"दादा, वायंच धर रे, जड आसा," भाई म्हणाला.

"तुमी दोघां आसात मगे," असं म्हणून भिकाजी परसात पानवेलीला पाणी घालायला निघून गेला. पानवेलीला पाणी सकाळीच घालून झालं होतं.

हा दांडा म्हणजे या घराची अब्रू. मुलगी बघायला पाहुणे आले की पोहे नंतर, दांड्याची गोष्ट आधी. मंगळूरची कौलं भरून येणारं आबांचं, म्हणजे भिकाजी-भाईच्या वडिलांचं, गलबत, कार्तिकातलं ते वादळ, लाटेने ओढून नेलेला सुकाणूवरचा काशीराम तांडेल, धीर सोडून बसलेले खलाशी, आणि अशा वेळी स्वतः मालकाने सुकाणू हातात घेऊन गलबत खाडीत आणलं ते! ही गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगायचा तो भाई. वादळाच्या वर्षी तो पाळण्यात होता, त्यामुळे त्याला कशाचीच अडचण येत नसे. भिकाजी पोरवयात त्या गलबतावर होता. तो कधी सांगत नसे. लोक म्हणायचे, थोरला स्वभावाने गरीब, आत्मस्तुती त्याला आवडत नाही.

आणि आता हा दांडा म्युझियममध्ये निघाला होता.

म्युझियम हे लवूचं वेड. मालवणच्या हायस्कुलात इतिहास शिकवता शिकवता त्याने बंदरावरची जकातीची जुनी कौलारू चौकी सरकारकडून मागून घेतली, आणि घरोघर फिरून वस्तू जमवल्या. मीठ मोजायचं लाकडी माप, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीचे कुजत आलेले दोर, जाळ्याचे शिशाचे मणी, कुणाच्या पणजीची पितळी करंडी. गावाने त्याचं नाव ठेवलं 'लवू मास्तराचो अजबखानो'. "फुटकी भांडी आमच्याकडेय आसत रे, आमचा घर बगूक कोण येणा नाय तो," अशी थट्टाही झाली. लवू हसून घ्यायचा. त्याच्या मनातली गोष्ट वेगळीच होती. वरच्या वाडीत घरं होती, खालच्या वाडीत झोपड्या आणि होड्या. देवळात मानाप्रमाणे उभं राहायचं, खालच्या वाडीने वरच्या घरी पुढच्या अंगणापर्यंत, खळ्यापर्यंतच यायचं. या गावात कुणालाही न विचारता सरळ आत शिरावं अशी जागाच नव्हती. ती त्याला करायची होती.

म्हणून उद्घाटनही त्याने आपल्या मनासारखं ठरवलं. भाईने मुंबईहून एका संग्रहालयातले साहेब आणले होते, सोबत चकचकीत कात्री आणि तांबडी फीत.

"फीत साहेब कापतले," लवू म्हणाला, "पण तेच्या आधी गाऱ्हाणा जावक होया. बाबा घालतले, मान तेंचोच. आणि 'व्हय म्हाराजा' म्हणूक दोनय वाडयो येवक होयो."

भाईला ते पसंत पडलं. साहेबांना जरा गावाकडचं काही दिसेल.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उघड्या आवाजात मांडलेलं म्हणणं. मानकऱ्याने एक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी त्यावर 'व्हय म्हाराजा' म्हणून शिक्का मारायचा. शिक्का नाही तर गाऱ्हाणं नाही. हे लवूला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दुसरंच.

*

दुपार कलल्यावर पार्वती तांडेल माशांची पाटी घेऊन खळ्यात आली. ती काशीराम तांडेलाची लेक. लग्न करून गेली ती खालच्याच वाडीत, आणि आईमागून खवणेकरांकडे मासे घालायचं तिच्याकडे आलं. नेहमीप्रमाणे ती खालच्या पायरीवर बसली, पाटी उतरवली, आणि नेहमीप्रमाणे तिची नजर सुभद्रेच्या खांद्यावरून ओटीवर गेली.

"दांडो खंय गेलो, वैनीनू?"

तिचा आवाज असा काही आला की सुभद्रेने हातातली सुपली खाली ठेवली.

"व्हरलो गो लवून. तेच्या त्या म्युझमात. उद्या उघडतला मां."

"बंदरार?"

"व्हय."

पार्वतीने पाटीवरचं फडकं सारखं केलं. मग विचारलं, "थय आमका आत जावक गावतला?"

"लवू म्हणता, सगळ्यांका. कोणाक इचारूचा नाय, सरळ आत जावचा."

"मगे माजी आवस वायंच आधी मेली," पार्वती म्हणाली.

तिने बांगडे मोजून दिले, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. सुभद्रा मासे पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली. मांजर येऊन एक बांगडा ओढायला लागलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

तिला पार्वतीची आई दिसत होती, सत्यवती. सुभद्रा या घरात सून म्हणून आली त्या वर्षापासून दर खंडेनवमीला सत्यवती नारळ घेऊन खळ्यात उभी राहायची. ओटीवर हत्यारांची आणि दांड्याची पूजा मांडलेली असायची. "दांड्याक," एवढंच म्हणून ती नारळ पायरीवर ठेवायची. सुभद्रेने तो फोडायचा, एक भकल दांड्यापुढे ठेवायचं आणि दुसरं सत्यवतीला प्रसाद म्हणून परत द्यायचं. नवमीचं सोवळं असायचं, म्हणून पदर पसरायला सांगून ते वरूनच सोडायचं. सत्यवती विचारायची, "सगळा नीट आसा मां?" आणि सुभद्रा म्हणायची, सगळी बरी आहेत. ओटीवरून सासरे आबा कौतुकाने बघत असायचे. भाई तर पाहुण्यांना सांगायचा, "बगा, तांडेलाची बायल पण आबांचे उपकार इसराक नाय."

माजी आवस वायंच आधी मेली. जरा थांबली असती तर आत जाऊन काय बघायचं होतं तिला?

सुभद्रा उठली. हात न धुताच परसात गेली. भिकाजी अजून पानवेलीपाशीच होता.

"आयकलात? त्या वादळात दांडो कोणी धरलेल्यान?"

भिकाजीने कळशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तो स्वतःला सांगत आला होता. आता विचारलं तर तो वेलीच्या मुळाशी माती सारत राहिला.

"काशीरामान," शेवटी तो म्हणाला.

"आणि आबा?"

"खाली होते. कौलांच्या थरार. माका पोटाक आवळून." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "रडी होते गो. माज्या डोक्यार पाणी पडी होता, माका वाटला समुद्राचा. पण समुद्राचा पाणी ऊन आसना नाय."

"मगे?"

"वर एकटो काशीराम. रातभर तेणा दांडो सोडल्यान नाय. फाटफटी उजाडताना खाडीच्या तोंडार इलंव, गलबत आत शिरला, आणि मागसून लाट इली ती तेका घेवन गेली. मगे आबा वर गेले. मोकळो दांडो हलता म्हणान हातात धरल्यानी. किनाऱ्यार सगळो गाव उभो होतो, तेनी बगल्यानी ता आबांका. 'शेटांनी राखल्यानी, शेटांनी राखल्यानी' म्हणान आराडाक लागले."

"आबा खोटा बोलले?"

"नाय. काय बोललेच नाय. थयच सगळा झाला."

"खलाशी बोललेत नाय ते?"

"गलबत आबांचा, खलाशी आबांचे. कोण बोलतलो?"

"आणि तुमी?"

"मी आबांचो झिल," भिकाजी म्हणाला.

सुभद्रा मटकन विहिरीच्या कठड्यावर बसली. "अरे देवा, काशीरामाचा मडासुद्धा गावाक नाय. हातान धरलेला तेचा म्हणून जगात एकच लाकूड रवलेला, ता आमच्या भिंतीर. बायल तेच्यासाठी नारळ घेवन येय होती, आणि मी? मी तिचोच नारळ फोडून तिच्या पदरात वरसून टाकी होतंय! परसाद म्हणान!"

भिकाजी पुन्हा कळशी उचलायला वाकला.

"उद्या गाऱ्हाणा घालू नकात."

"मान आमचो. न घालून कसा चालतला?"

"मगे खरा सांगा."

"मुंबयच्या सायबासमोर? आबा गेले, सुभद्रा. आपली बाजू सांगूक येवचे नाय ते."

"सत्यवती पण गेली," ती म्हणाली.

*

संध्याकाळी लवू आणि भाई बंदरावरून परत आले. भाईच्या काखेत कापडात गुंडाळलेली संगमरवरी पाटी होती. गिरगावात स्वतः उभं राहून कोरून घेतलेली. ती त्याने देवघराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि कापड सोडलं. सोनेरी अक्षरांत आबांचं नाव, आणि खाली 'ज्यांनी स्वहस्ते सुकाणू धरून सर्वांचे प्राण वाचविले' असं.

"कशी आसा?" भाई म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बापाच्या आठवणीने खरंच भरून आले होते.

लवूने पाटीकडे पाहिलं नाही. तो बापासमोर जाऊन बसला.

"बाबा, मी खालच्या वाडयेर बोलवणा करूक गेल्लंय. दांडो ठेवलो म्हणान सांगलंय, तर सगळे गप्प झाले. तुकाराम तर उठान जाळा इणूकच बसलो. कित्याक?"

"भाव नाय गावलो आसतलो माशाक," भाई म्हणाला. "तेंका काय समाजता दांड्यातला?"

"काका, तेंच्यातलोच एक माणूस तेच्या पायी गेलो."

"म्हणान काय? आबांनी तेच्या बायलेक काय कमी केल्यानी? दर नवमीक..."

"भाईभावोजी, ता नवमीचा काडू नकात," सुभद्रा एकदम म्हणाली. एरवी ती दिराला उलटून बोलत नसे. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

लवू वेडा नव्हता. आईची नजर कुठून कुठे गेली ते त्याने पाहिलं.

"बाबा, काय ता खरा सांगा. पाटी उद्या लागतली. मी पोरांका वाचून दाखवतलंय ती. माका खोटा शिकवूचा नाय."

भिकाजीला वाटलं, आता बोलावं. मग त्याला भाईचा चेहरा दिसला. बापाची गोष्ट सांगून सांगून मोठा झालेला, मुंबईत हपिसात चार माणसांत ताठ मानेने बसणारा भाई. लेकीची सोयरीकही त्याने याच गोष्टीवर जमवत आणलेली.

"आबांनी दांडो धरलेलो माज्या डोळ्यांनी बगलंय," भिकाजी म्हणाला.

यातला शब्द न् शब्द खरा होता. भाईने सुटकेचा श्वास सोडला. लवूने मान हलवली, बाप बोलला म्हणजे झालं. सुभद्रा उठून आत गेली. त्या दिवशी पानं वाढताना तिने नवऱ्याला काही हवं-नको विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर माणूस मावेना. वरची वाडी पुढे, चौकीच्या पडवीला लागून. खालची वाडी मागे वाळूत. बायका एका अंगाला. असं उभं राहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पाय आपोआपच तिथे गेले. ते बघून लवूचं तोंड जरा उतरलं, पण दार एकदा उघडलं की सगळे मिसळतील, असं त्याने मनाशी म्हटलं. खिडकीतून आतला दांडा दिसत होता, दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला. भिंतीला भाईची पाटी, तिच्यावर पडदा.

साहेब खुर्चीवर बसले. भाई त्यांच्या कानाला लागून शुद्ध मराठीत समजावून सांगत होता, "हे आमचे थोरले बंधू. हा गाऱ्हाण्याचा मान पिढ्यान् पिढ्या आमच्याच घराण्याकडे आहे."

भिकाजी पायरीवर उभा राहिला. खांद्यावर उपरणं, हातात पानाचा विडा आणि नारळ. त्याने समुद्राकडे तोंड केलं. आवाज त्याचा मुळात चांगला. पहिली हाक निघाली आणि गलका थांबला.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या बंदरार ह्या नव्या घराच्या दारात तुजी लेकरां जमा झाली आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"वयल्या वाडयेची आसत, खालच्या वाडयेची आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"आपापल्या घरातल्यो वस्तू तेनी हय आणून दिल्यानी आसत. तेंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चांगलं चाललं होतं. दोन्ही वाड्यांचा आवाज एकत्र येऊन चौकीच्या भिंतीवर आपटत होता. साहेबांनी खूश होऊन मान डोलावली. भिकाजीने श्वास घेतला. इथे भाईने पढवून ठेवलेलं वाक्य होतं. एक वाक्य. ते म्हटलं की सुटलो.

"आणि म्हाराजा, कार्तिकातल्या त्या वादळात आमच्या बापाशीन ह्यो दांडो हातात धरून गलबत आणि माणसां राखल्यान!"

"व्हय म्हाराजा..."

पुढून आलं. मागून आलं नाही.

भिकाजीला आधी वाटलं, वाऱ्याने आवाज गेला. त्याने मागे वाळूत पाहिलं. खालची वाडी तिथेच उभी होती. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. तुकाराम पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होता. पार्वती पदराआड नारळ धरून सरळ समोर बघत होती. खळ्यात, गलबतावर, पेढीवर त्यांनी जन्मभर 'व्हय शेटांनू' म्हटलं होतं, या गोष्टीलाही म्हटलं होतं. पण ते शेटाला. हे देवाला म्हणायचं होतं, आणि तिथे त्यांची जीभ वळत नव्हती. एवढंच.

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. आज नाही, पहिल्यापासून. भाई पाहुण्यांना गोष्ट सांगायचा तेव्हा खळ्यात नारळ सोलत बसलेल्या गड्याला ठाऊक होतं. नारळ घेऊन यायची तिला तर होतंच. आपण झाकून ठेवलं असं भिकाजीला वाटत होतं, आणि झाकलेलं होतं फक्त आपल्याच घरात.

"परत म्हण," भाई मागून कुजबुजला. "आयकाक गेला नाय तेंका."

आणि भिकाजीने, देव जाणे का, परत म्हटलं. "आमच्या बापाशीन दांडो धरल्यान म्हाराजा!"

या खेपेला पुढचा आवाजही पडला. मागचे गप्प का, म्हणून वरच्या वाडीतली माणसं वळून बघायला लागली होती. जे काही थोडे 'व्हय' आले ते भाईचे आणि त्याच्या मित्रांचे. भिकाजीने बायकांकडे पाहिलं. तिथे सुभद्रा पुढेच उभी होती. पंचमी असो, शिमगा असो, त्याच्या गाऱ्हाण्याला सगळ्यात आधी 'व्हय म्हाराजा' येई ते तिचं. ती त्याच्याकडेच बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"चुकलंय म्हाराजा," भिकाजी म्हणाला.

यावर काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"दांडो काशीराम तांडेलान धरल्यान. रातभर धरल्यान. गलबत आत घातल्यान, आणि मगे गेलो. आमचो बापूस खाली लपलेलो. मी तेच्या वांगडा होतंय. माका सगळा ठावक होता म्हाराजा."

मग मागून एका बाईचा आवाज आला, मोठा नाही, साधाच. पार्वतीचा.

"व्हय म्हाराजा."

तिच्या मागून सगळी खालची वाडी. त्या होकारात राग नव्हता. राग असता तर भिकाजीला चाललं असतं. ते नेहमीसारखं म्हणाले, पावसासाठी म्हणतात, मासळीसाठी म्हणतात, तसंच.

गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असतो. काय चूकभूल झाली असेल ती माफ कर रे म्हाराजा, असं म्हणून नारळ ठेवायचा. भिकाजीने तोंड उघडलं. 'काय चूकभूल' असं आता कसं म्हणायचं? काय ते सगळ्या बंदराने ऐकलं होतं. आणि माफी देवाकडे मागून काय उपयोग, देवाचं त्याने काय नेलं होतं? गाऱ्हाणं तसंच अर्धं टाकून त्याने नारळ पायरीवर ठेवला आणि खाली उतरला.

साहेबांनी घाईघाईने फीत कापली. "फार भावपूर्ण प्रथा आहे हो तुमची," ते म्हणाले. मालवणी त्यांना कितपत समजली कुणास ठाऊक.

भाईने साहेबांना वाटेला लावलं. मग आत जाऊन पडद्यासकट पाटी भिंतीवरून काढली आणि काखेत मारून बाहेर आला. भिकाजीसमोर थांबला.

"माका आधी सांगूक काय झाला होता तुका?" त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मी सगळ्या जगाक सांगत सुटलंय रे दादा. कोणाकोणाक सांगलंय... आणि तू बाजूक बसान आयकी होतंस! जल्मभर आयकी होतंस!"

भाई तसाच उन्हातून घराकडे चालायला लागला. पाटी जड होती, मधेमधे काख बदलत होता.

*

आत गर्दी झाली होती. खालच्या वाडीच्या बायका मिठाच्या मापात हात घालून बघत होत्या, दोर हुंगून बघत होत्या, "ह्या तर आमच्या वाडयेचा" म्हणून एकमेकींना हाका मारत होत्या. लवूला पाहिजे होतं तसंच सगळं चाललं होतं आणि त्याला तोंड वर करता येत नव्हतं. काल बापाला त्याने खरं विचारलं होतं. उत्तर हवं तसं मिळालं तेव्हा आईकडे पुन्हा पाहिलं नव्हतं. म्युझियम उघडायची घाई त्यालाही होतीच.

पार्वती दांड्यासमोर येऊन उभी राहिली. बाजूला पुठ्ठ्यावर लवूच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, वस्तूंना हात लावू नये. पार्वतीला वाचता येत नव्हतं. लवूने वाचून दाखवलं नाही.

तिने हात ठेवला. दांड्याच्या टोकापासून, जिथे लाकूड धरून धरून गुळगुळीत झालं होतं, तिथपर्यंत सावकाश फिरवत नेला. मग मुठीत धरून पाहिलं. तिची मूठ पुरत नव्हती.

"माजो बापूस मोठ्या हाताचो होतो काय, मास्तर?"

"माका नाय ठावक, पार्वतीमावशी," लवू म्हणाला. "बाबांक ठावक आसतला."

तिने दाराबाहेरच्या दगडावर नारळ फोडला. एक भकल आणून दांड्यापाशी ठेवलं. सुभद्रा तिथेच होती. ती काही तरी बोलायला पुढे झाली आणि तिचे नुसते हात जोडले गेले. पार्वतीने तिच्या खांद्याला हात लावला आणि दुसरं भकल घेऊन बाहेर आली.

भिकाजी पायऱ्या उतरून खालच्या पायरीशी उभा होता. आत जायला त्याला कुणीच अडवलं नव्हतं.

"शेटांनू."

त्याने वर पाहिलं. पार्वती पडवीत उभी होती.

"लवून... नीट ठेवल्यान मां दांडो?" त्याने विचारलं.

"येवन बगा मगे आत. हय कोणाक इचारूचा नाय, म्हणता मास्तर."

तो हलला नाही. पार्वतीने जरा वाट पाहिली. मग हातातलं भकल पुढे केलं.

"परसाद."

भिकाजीने खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही हातांनी पसरलं. तिने वरूनच भकल सोडलं, हाताला हात न लावता. त्याचा अपमान करावा असं तिच्या मनातही नव्हतं. प्रसाद असाच देतात, हे ती लहानपणी आईच्या मागे उभी राहून खवणेकरांच्याच खळ्यात शिकली होती.